पांढरं घर, पांढरी गाडी: हौसा आणि इंग्रजी विशेषणांचं लिंग कसं शिकायचं, कसं शिकवायचं

वडोदऱ्यात आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्याची माडी मी विद्यार्थ्यांना भाड्याने देते. सध्या तिथे नायजरचा एक मुलगा आहे. नायजेरिया नव्हे, नायजर. हे त्याला आठवड्यातून तीनदा कुणाला ना कुणाला सांगावं लागतं, आणि आता त्याच्या वतीने मीच सांगते. गाव मरादी, नायजेरियाच्या सीमेजवळचं. घरी हौसा, म्हणजे नायजर आणि नायजेरियात बोलली जाणारी भाषा, शाळा फ्रेंचमधून, आणि इथे सयाजीराव विद्यापीठात सगळं इंग्रजीतून. मी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे भाड्याच्या पावतीबरोबर शिकवणीही सुरू झाली. तो मला ‘मालमा’ म्हणतो, म्हणजे मास्तरीणबाई. खालच्या पोरांची मी काकू.

पहिल्याच आठवड्यात त्याला म्हटलं, मंगळ बाजारातून कपडे आणलेस ना, त्यांच्यावर पाच वाक्यं लिही. त्याने लिहिलं: ‘माय शर्ट इज व्हाइट. शी इज न्यू. माय ट्राउझर इज ब्लॅक. ही इज लाँग.’ शर्ट ती आणि पँट तो! आपल्याकडे नेमकं उलटं. मी लाल पेनाने दोन्हीकडे ‘इट’ लिहिलं आणि वही परत केली. तो वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘मालमा, रीगा इज अ वुमन.’ रीगा म्हणजे सदरा, झगा, अंगात घालायचं वरचं वस्त्र. हौसात ते स्त्रीलिंगी.

त्या दिवसापासून त्याला इंग्रजी शिकवता शिकवता मी त्याच्याकडून हौसाची विशेषणं शिकले. पुढे लिहिलंय ते दोघांसाठी आहे: हौसा बोलणाऱ्याला इंग्रजी शिकवायची वेळ आलेल्यांसाठी आणि मराठीच्या आधाराने हौसा शिकू बघणाऱ्यांसाठी. हौसाचे शब्द कानाला लागतात तसे देवनागरीत लिहिलेत. नुक्त्याचा क़ म्हणजे श्वास अडवून फटकन सोडलेला क. सुरुवातीला तो माझ्याकडून उचकी लागल्यासारखा यायचा. हौसाला सूरही असतात, पण ते लिहून कळत नाहीत, ऐकावे लागतात.

पहिलं काम मोजण्याचं. एक विशेषण घ्या आणि त्याची प्रत्येक भाषेत किती रूपं होतात ते कागदावर मांडा. मी ‘पांढरा’ घेतला. इंग्रजीत व्हाइट, संपलं. घर असो, गाडी असो, एक असो की दहा असोत, व्हाइट. हौसात तीन: पुल्लिंगी फरी, स्त्रीलिंगी फरा, आणि अनेकवचनात दोघांनाही फरारे. मराठीत पांढरा सदरा, पांढरी गाडी, पांढरं घर, पांढरे सदरे, पांढऱ्या गाड्या, पांढरी घरं. रकाने सहा, रूपं पाच. शिवाय विभक्ती लागली की सगळ्यांचं ‘पांढऱ्या’ होतं ते वेगळंच. हा कागद त्याच्यापुढे ठेवला तेव्हा तो इतका हसला की खालून हाक आली, काय झालं म्हणून. त्याला वाटत होतं आपलीच भाषा अवघड.

ज्याला इंग्रजी शिकवायचंय त्याला हा कागद दाखवाच. ‘इंग्रजीत विशेषण बदलत नाही’ हे वाक्य ऐकून कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही. पाचाच्या शेजारी तीन आणि तीनच्या शेजारी एक दिसलं की शिरतं.

विशेषण कोणतं निवडायचं यात मात्र मी आधी फसले. हौसाचे माझे पहिले धडे मी ‘मोठा’ने सुरू केले होते. मोठा म्हणजे बब्बा. मोठं घर गिदा बब्बा, मोठी गाडी मोता बब्बा. आठवडाभर मी खुशीत, की हौसात लिंग-बिंग काही नाही, उगाच घाबरले. ‘बब्बा’ दोन्ही लिंगांत सारखाच असतो हे मला कुठे माहीत. लाल रंगाचा ‘जा’ही तसाच. म्हणजे परक्या माणसाला मराठीचं लिंग शिकवायला बसायचं आणि उदाहरण द्यायचं ‘लाल’चं: लाल सदरा, लाल गाडी, लाल घर. तो बिचारा म्हणेल, मराठी सोपी आहे! म्हणून सुरुवात फरी-फरानेच करा. नाहीतर काळ्याने: बक़ी, बक़ा. उंच किंवा लांब म्हणजे दोगो, दोगुवा. नवा-नवी म्हणजे साबो, साबुवा. जुना किंवा म्हातारा त्सोहो, जुनी त्सोहुवा. लहान क़रमी, क़रमा. बुटका गजेरे, बुटकी गजेरिया. हा शेवटचा शब्द त्याने मला उदाहरण देऊन शिकवला: ‘मालमा गजेरिया चे.’ बाई बुटक्या आहेत. व्याकरण अचूक, त्यामुळे ओरडता येईना.

आता नाम कोणत्या लिंगाचं हे ओळखायचं. हौसा यात मराठीपेक्षा पुष्कळच दयाळू आहे. नपुंसकलिंग नाही. आणि ढोबळ नियम असा की ‘आ’ने संपणारं नाम बहुतेक स्त्रीलिंगी, बाकीचं बहुतेक पुल्लिंगी. मोता म्हणजे गाडी, वाया म्हणजे फोन, हूला म्हणजे टोपी, शिंकाफा म्हणजे भात, तागा म्हणजे खिडकी, कसुवा म्हणजे बाजार, या सगळ्या बायका. वांदो म्हणजे पँट, लित्ताफी म्हणजे पुस्तक, बांगो म्हणजे भिंत, तेबुर म्हणजे टेबल, हे सगळे बुवे. आपल्या कानाला हे उफराटं लागतं, कारण मराठीत ‘आ’ हा पुरुषाचा शेवट: घोडा, आंबा, सदरा. हौसात हाच ‘आ’ बाईचा. मी आठवडाभर प्रत्येक शब्दाला उलटं म्हणून बघत होते, घोडा दिसला की घोडी म्हणायचं तसं.

नियमाला अपवाद आहेत आणि ते रोजच्या वापरातलेच आहेत, त्यामुळे टाळता येत नाहीत. गिदा म्हणजे घर, रुवा म्हणजे पाणी, सूना म्हणजे नाव, नामा म्हणजे मांस, वता म्हणजे चंद्र किंवा महिना. सगळे ‘आ’ने संपतात आणि सगळे पुल्लिंगी. एके रात्री वहीत हे पाच शब्द मराठी अर्थासकट लिहिले आणि मी चमकले. घर ते, पाणी ते, नाव ते, मांस ते. चंद्र सोडला तर सगळी आपल्याकडे नपुंसकलिंगी! हा निव्वळ योगायोग आहे. या दोन भाषांचं काही नातं नाही. हौसा चाडिक शाखेतली, अरबी-हिब्रूच्या लांबच्या गोतावळ्यातली. पण पाठांतराला योगायोग चालतो. हे चार शब्द मी पुन्हा कधी चुकले नाही. नियम समजून हे पुढे ताणू नका मात्र: वर्ष आपल्याकडे ‘ते’, पण हौसातलं शेकरा स्त्रीलिंगी, दार ‘ते’, पण क़ोफा स्त्रीलिंगी.

उलट बाजूचेही अपवाद आहेत. मचे म्हणजे बाई. शब्द ‘ए’ने संपतो, पण अर्थातच स्त्रीलिंगी. ग्वमनती म्हणजे सरकार, ‘ई’ने संपतं आणि स्त्रीलिंगी आहे. बीबीसीची हौसा सेवा १९५७ पासून चालू आहे. तिच्या बातम्या लावून बसलात तर ‘साबुवर ग्वमनती’, म्हणजे नवं सरकार, कानावर पडायला फार वेळ लागणार नाही.

‘साबुवा’चं ‘साबुवर’ झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. इथेच थोडं जास्त थांबायला हवं, कारण हौसाच्या विशेषणांची खरी गंमत या र मध्ये आहे.

हौसात विशेषण नामाच्या मागेही येतं आणि पुढेही. मागून आलं तर साधं रूप: गिदा फरी, मोता फरा. नामाच्या आधी आलं तर त्याला एक दुवा जोडावा लागतो. पुल्लिंगी नामापुढे न, स्त्रीलिंगीपुढे र, अनेकवचनात पुन्हा न. फरिन गिदा म्हणजे पांढरं घर, फरर मोता म्हणजे पांढरी गाडी, फरारेन गिदाजे म्हणजे पांढरी घरं. साबोन बाबुर म्हणजे नवी मोटारसायकल, साबुवर वाया म्हणजे नवा फोन. दोगोन मुतुम म्हणजे उंच माणूस, दोगुवर मचे म्हणजे उंच बाई. रोजच्या बोलण्यात ही आधी येणारी रचनाच जास्त ऐकू येते.

आणि जे विशेषण एकटं असताना लिंग लपवतं, तेही या दुव्यापाशी पकडलं जातं. बब्बा दोघांना सारखा, पण मोठं घर बब्बन गिदा आणि मोठी गाडी बब्बर मोता. लाल टोपी जर हूला, लाल घर जन गिदा. बब्बर ऐकून मला सिंहच आठवतो, पण हौसात ‘बब्बर’ नेहमी मादी!

‘फरर’ हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्या वहीत रोमन लिपीत पाहिला आणि ‘फरार’ वाचला. फरार मोता. म्हटलं, गाडी चोरून कोण पळालं? दोन्ही ‘अ’ ऱ्हस्व आहेत हे त्याने तीनदा म्हणून दाखवलं.

न आणि र पाठ करण्यासाठी तक्त्याच्या मागे लागू नका. ठरलेली नावं आणि वाक्प्रचार गोळा करा, ती फुकटात पाठ होतात. नकाशापासून सुरू करा. नायजेरियातल्या कानो शहरात साबोन गारी नावाचा भाग आहे, म्हणजे नवं गाव. सोकोतोकडे साबोन बिरनी, नवं शहर. नायजरमध्ये दोगोन दुत्सी, उंच डोंगर. सगळीकडे न, म्हणजे गारी, बिरनी, दुत्सी पुल्लिंगी. नायजेरियाच्या नसरावा राज्यात फरिन रुवा नावाचा धबधबा आहे, पांढरं पाणी. ‘रुवा’ ‘आ’ने संपूनही पुरुष आहे याचा याहून मोठा पुरावा नको, धबधब्याच्या नावातच आहे.

मग कॅलेंडर. रमजान ईद म्हणजे क़रमर सल्ला, लहान ईद. बकरी ईद म्हणजे बब्बर सल्ला, मोठी ईद. आमच्याकडे गल्लीत छोटी ईद आणि बडी ईद म्हणतातच, तेव्हा हे शिकवावंही लागलं नाही. नवीन वर्ष साबुवर शेकरा.

आणि मग पोट. हौसात आनंदाला म्हणतात फरिन चिकी, पांढरं पोट. दुःखाला बक़िन चिकी, काळं पोट. लोकप्रियतेला फरिन जिनी, पांढरं रक्त. चिकी आणि जिनी पुल्लिंगी, म्हणून न. आणि सैनिक नसलेल्या सामान्य नागरिकाला म्हणतात फरर हूला, पांढरी टोपी. टोपी स्त्रीलिंगी, म्हणून र. आमच्या शेजारी एक आजोबा अजून पांढरी टोपी घालतात. त्यांना सांगितलं, हौसात तुमच्या टोपीचा अर्थ ‘साधा माणूस’. ते म्हणाले, आपल्याकडे उलटा झालाय.

हे शब्द पाठ असले की शंका आली तर जोडी लावून बघायची. मनात म्हणायचं, चिकीसारखा की हूलासारखी? चिकीसारखा असेल तर न, हूलासारखी असेल तर र.

हा र आला कुठून तेही सांगते, कारण त्याने तीन गोष्टी एकदम लक्षात राहतात. तो मुळात त होता. शब्दाच्या शेवटी त चा र झाला. अरबीतली स्त्रीलिंगाची खूणही त च. हौसात ‘ती’साठी ता आहे: मोता ता, गाडी ती. आणि ‘आहे’साठी पुल्लिंगात ने, स्त्रीलिंगात चे. हा चे म्हणजेही जुना ते, पुढच्या ए मुळे मऊ झालेला. ता, चे, र: एकाच घरच्या तिघी.

या ‘चे’ने वडोदऱ्यात धमाल केली. गिदन फरी ने, घर पांढरं आहे. मोतर फरा चे, गाडी पांढरी आहे. कानाला ‘छे’च लागतं. आमच्या गुजराती शेजारणीने त्याला फोनवर बोलताना ऐकलं आणि मला कौतुकाने म्हणाली, छोकरो केवुं सरस गुजराती बोले छे. मी काही बोलले नाही. पण तुम्ही गुजरातमध्ये राहत असाल तर एक ध्यानात ठेवा: गुजरातीत ‘छे’ सगळ्यांना लागतो, हौसात ‘चे’ फक्त बाईला. मी कितीतरी दिवस घराला, पुस्तकाला, चंद्राला चे लावत होते.

सरावाची आमची पद्धत चिठ्ठ्यांची. लोक वस्तूंवर नावं चिकटवतात: दारावर ‘दार’, खुर्चीवर ‘खुर्ची’. त्याने लिंग येत नाही. आम्ही नावं लिहिलीच नाहीत. फक्त विशेषणं लिहिली: पाच चिठ्ठ्यांवर फरी, पाचांवर फरा, तसंच साबो आणि साबुवा, त्सोहो आणि त्सोहुवा. शिकणाऱ्याने घरभर फिरून त्या योग्य वस्तूंवर लावायच्या. भिंतीवर फरी, खिडकीवर फरा, माझ्या टेबलावर त्सोहो, खुर्चीवर त्सोहुवा, कारण खुर्ची म्हणजे कुजेरा, स्त्रीलिंगी. मी पहिल्या दिवशी खिडकीवर ‘फरी’ लावली होती. संध्याकाळी पाहिलं तर न बोलता बदललेली.

अशी काही विशेषणं असतात ज्यांची चिठ्ठी एकच पुरते. मराठीत आपण त्यांना अविकारी म्हणतो: सुंदर, महाग, गरम. हौसात हे अर्थ बहुतेक वेळा ‘माइ’ लावून सांगतात, माइ म्हणजे ‘असणारा’. गिदा माइ क्याऊ, सुंदर घर. मोता माइ त्सादा, महाग गाडी. शायी माइ झाफी, गरम चहा. माइला लिंग नाही, अनेकवचनात मात्र मासू होतो. सुंदर, महाग, गरम आपल्याकडेही न बदलणारे आणि त्यांच्याकडेही. विशेषण आठवत नसेल तेव्हा मी माइला शरण जाते. आळशी माणसाची सोय आहे, पण चालते.

चहावरून आठवलं. पुण्याहून माझी जाऊ आली की आमच्या मराठीवर हसते, कारण इथे ‘चहा चांगली झाली’ असं सर्रास तोंडून जातं. गुजरातीत चा स्त्रीलिंगी. दुकानाचंही तसंच, गुजरातीत ती, मराठीत ते. हे मी त्या मुलाला मुद्दाम सांगितलं. त्याच्या डोक्यात तर घराचा घोळ याहून मोठा: फ्रेंचमध्ये घर ती, हौसात तो, मराठीत ते. आणि इंग्रजीत इट. वस्तू तीच, लिंग भाषेचं. हे एकदा पटलं की ‘सदरा बाई कसा?’ हा प्रश्न पडत नाही. आपण तरी टेबल ते आणि खुर्ची ती का म्हणतो?

आता इंग्रजीकडे, आणि इथे काम कमी आहे म्हणून थोडक्यात आवरते, एक जागा सोडून.

चिठ्ठ्यांच्या खेळाची दुसरी फेरी इंग्रजीची. सगळ्या हौसा चिठ्ठ्या काढून घ्यायच्या आणि ‘व्हाइट’ची एकच चिठ्ठी हातात द्यायची. ती भिंतीला लावून वाक्य म्हणायचं, काढायची, खिडकीला लावायची, वाक्य म्हणायचं. कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की शिकवणं झालं, कारण इंग्रजी विशेषणाबद्दल शिकण्यासारखं तेवढंच आहे: ते हलत नाही. अनेकवचनातही नाही. फ्रेंच शिकून आलेला मुलगा ‘व्हाइट्स कार्स’ लिहितो, तेव्हा तोच स काढायला लावायचा.

खरी चूक पुढच्या वाक्यात होते. विशेषणात लिंगाला जागा मिळत नाही, मग ते सर्वनामात जाऊन बसतं: ‘शी इज न्यू’. म्हणून तिसरी फेरी ही, शी, इट अशा तीन चिठ्ठ्यांची. माणसांच्या फोटोंवर ही आणि शी, बाकी अख्ख्या घरावर इट. आमच्या भिंतीवर सयाजीरावांची तसबीर आहे. ‘ही’ची चिठ्ठी तिच्यावर लावली, तर तो म्हणाला, पण फोटो तर वस्तू आहे! मला दहा मिनिटं लागली. बोट माणसाकडे असेल तर ही, चौकटीकडे असेल तर इट.

जहाजाला शी म्हणण्याची जुनी रीत, देखण्या पुरुषाला बहुधा हँडसम आणि देखण्या बाईला बहुधा ब्युटिफुल, फ्रेंचमधून आलेल्या ब्लाँडला बाईसाठी लिहिताना शेवटी एक जास्तीचा ई: इंग्रजी विशेषणांच्या आसपास लिंगाचे एवढेच अवशेष सापडतात. शेवटचा ई पाहून त्याला फार आनंद झाला, ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसा. पूर्वी इंग्रजीतही तीन लिंगं होती आणि विशेषणं त्याप्रमाणे बदलत. सूर्य स्त्रीलिंगी होता, चंद्र पुल्लिंगी, आणि बायको चक्क नपुंसकलिंगी. बहुतेक बोलींमधून हे सगळं १३व्या शतकाअखेर गळून गेलं. हौसात आजही राना म्हणजे सूर्य ती, आणि वता म्हणजे चंद्र तो.

मी म्हटलं ती एक जागा म्हणजे तुलना. हौसात विशेषणाला ‘जास्त’चं रूप नाही. तिथे फी हे क्रियापद येतं, म्हणजे मागे टाकणं, वरचढ ठरणं. यारोन या फी यारिन्यर त्सावो: मुलगा मुलीला उंचीत मागे टाकतो. मोता ता फी बाबुर त्सादा: गाडी मोटारसायकलला किमतीत मागे टाकते. इथे विशेषणच उरलं नाही, त्सावो म्हणजे उंची, त्सादा म्हणजे महागपणा, दोन्ही नामं. लिंग राहिलं ते या आणि ता मध्ये, तो आणि ती मध्ये. इंग्रजीत याच्या अगदी उलट. जे विशेषण लिंगासाठी तसूभर हलत नाही, ते तुलनेसाठी टॉलर, बिगर असं शेपूट लावून घेतं.

त्यामुळे त्याचं पहिलं तुलनेचं वाक्य असं आलं: ‘धिस हाउस पासेस दॅट हाउस इन बिगनेस.’ मी ते खोडलं नाही. त्याला म्हटलं, आधी हौसात म्हण. मग मराठीत मी म्हटलं: हे घर त्या घरापेक्षा मोठं आहे. आपल्याकडे ‘पेक्षा’ सगळं ओझं उचलतो, विशेषण तसंच राहतं, फक्त लिंग सांभाळतं. मग इंग्रजीत. तीन वाक्यं एकाखाली एक, आणि प्रत्येकात ‘जास्त’ कुठल्या शब्दावर बसलंय त्याखाली रेघ. फी, पेक्षा, आणि बिगरचं शेपूट. हौसा भाषकाला इंग्रजी शिकवताना लिंगावर एक दिवस घालवा आणि या रेघांवर चार. माझा अनुभव असा की लिंग तो महिन्यात विसरला, ‘पासेस’ सहा महिने गेला नाही.

माझ्या बाजूने चूक वेगळ्याच ठिकाणी झाली. त्याच्या आईशी फोनवर बोलायचं होतं. ‘कशा आहात’ एवढं तरी हौसात म्हणावं म्हणून मी आदल्या रात्री पाठ केलं: काना लाफिया? फोन लावला, म्हटलं. पलीकडे आधी शांतता, मग हसण्याचा मोठा आवाज. मी त्यांना ‘कसा आहेस, दादा’ छापाचं विचारलं होतं. बाईला किना लाफिया म्हणायचं. मराठीत कसा-कशी बदलतं, समोरच्याला म्हणायचा ‘तू’ तसाच राहतो. हौसात लाफिया तसंच राहतं, समोरच्याला म्हणायचा शब्द बदलतो. सगळं लक्ष विशेषणाच्या शेपटावर ठेवून मी सर्वनामात आपटले. म्हणजे त्याच्या ‘शी इज न्यू’ला मी लाल पेन लावलं होतं तिथेच.

खिडकीवरची ‘फरा’ची चिठ्ठी अजून आहे. दिवाळीत मात्र मी खिडक्यांना हिरवा रंग दिला. परवा तो चिठ्ठीकडे बोट दाखवून म्हणाला, मालमा, आता ही खोटं बोलते. हिरवा म्हणजे कोरे, हिरवी म्हणजे कोरिया. तेव्हापासून टेबलावर एक कोरी चिठ्ठी काढून ठेवली आहे.